मशीन चालू करता येतं, पण बिल वाचता येतं का?

‘मुलाने क्लाउडचा कोर्स लावलाय, नोकरी लागेल ना?’ असं पालक विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, त्यात बिलिंग शिकवतात का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ते अकाउंटवाले बघतात.’ गोची तिथेच आहे.

ॲमेझॉनने 2006 साली व्हर्च्युअल मशीन, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा संगणक, भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा हिशोब तासावर होता. मशीन 61 मिनिटं चाललं तरी पैसे दोन तासांचे. समजा, सहा-सहा मिनिटांची दहा कामं आहेत. दहा मशीनवर वाटली तर सहा मिनिटांत उरकतात, पण बिल दहा तासांचं. एकाच मशीनवर ओळीने लावली तर बिल एका तासाचं, मात्र तासभर थांबायचं. म्हणून इंजिनिअर मंडळी एकेका मशीनवर कामं कोंबत. 2017 मध्ये गूगल आणि ॲमेझॉन सेकंदावर आले, किमान एक मिनिट धरून. टाटा डोकोमोने 2009 साली मोबाईलचं बिल सेकंदावर आणलं, ते पालकांना आठवत असेल, तसंच हे. आता दहा मशीनची मिळून साठच मिनिटं भरतात. खर्च जवळपास तेवढाच, काम सहा मिनिटांत. मशीन तीच, कामंही तीच. आकारणी बदलली आणि शहाणपणाची वाटणी उलटी झाली.

सवलतींचंही तसंच. एक किंवा तीन वर्षांचा शब्द दिला तर ॲमेझॉनकडे 72 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ‘स्पॉट’ मशीन 90 टक्क्यांपर्यंत स्वस्त पडतं, पण दोन मिनिटांची सूचना देऊन ते काढूनही घेतात. रात्रभर व्हिडिओ रूपांतरित करायला ते चालेल. बँकेचा डेटाबेस त्यावर ठेवणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर विंडोजच्या आतून शटडाउन केलं तर मशीन ‘स्टॉप्ड’ दिसतं, पण भाडं चालूच राहतं. पोर्टलवरून ते ‘डीॲलोकेट’ करावं, म्हणजे कंपनीला परत सोडावं लागतं. त्यानंतरही डिस्कचे पैसे पडतातच. इंटरव्ह्यूत हे विचारलं की भली भली सर्टिफिकेटवाली मुलं गडबडतात.

क्लाउडचं बिल वाचून खर्च आटोक्यात ठेवायच्या या कामाला ‘फिनऑप्स’ म्हणतात. त्यात कॉमर्सच्या मुलांनाही जागा आहे. कॉस्टिंग पक्कं आणि एक्सेलवर हात बसलेला असेल, तर लिनक्स आणि एखाद्या क्लाउडची ओळख करून घ्यायची, एवढंच अंतर. मात्र फ्रेशरला थेट फिनऑप्सची खुर्ची क्वचितच मिळते. आधी क्लाउड सपोर्टमध्ये वर्ष-दोन वर्षं घासावी लागतात. महागड्या क्लासची घाई नको. ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांचेही किमतीचे कॅल्क्युलेटर फुकट आहेत. एकच मशीन साध्या दराने, वर्षाच्या शब्दावर आणि ‘स्पॉट’वर अशा तीन पद्धतींनी मांडून महिन्याचा खर्च काढायला मुलांना सांगा.

सरावासाठी कार्ड द्यायचं झालं तर आधी बजेट अलर्ट लावून घ्या. पण अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, मशीन आपोआप बंद करत नाही. सराव संपला की मशीन, डिस्क आणि पब्लिक आयपी तिन्ही डिलीट झाल्याचं स्क्रीनवर स्वतः बघा.