बांधावरील झाडांतील कर्बाचे मोजमाप

सोलापूर जिल्ह्यात पाऊस थोडा, आणि तोही बेभरवशाचा. दाट जंगल येथे नाही. कडुनिंब, बाभूळ, बोर, चिंच ही झाडे बहुधा बांधावर, ओढ्याकाठी व शाळेच्या आवारात उभी असतात. झाड हवेतील कर्बवायू घेऊन त्यातील कर्ब लाकडात साठविते. लाकूड जळले वा कुजले म्हणजे तो पुन्हा हवेत जातो. असा साठा किती आहे हे झाड न तोडता काढता येते, व माध्यमिक शाळेतील मुलांना हे काम सहज जमते. त्यास शिंप्याची फीत, मीटरभर लांबीची काठी, गेरू आणि वही एवढे साहित्य पुरे.

प्रथम जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर खोडाचा घेर घ्यावा. फीत आडवी व ताणलेली असावी. येथे हयगय चालत नाही. गणितात व्यासाचा वर्ग होत असल्याने घेरात शेकडा पाचाची चूक झाली, तर उत्तरात जवळजवळ दहाची होते. बाभळीला पुष्कळदा या उंचीच्या खालीच फाटे फुटतात. तेव्हा प्रत्येक फाटा निराळा मोजून व्यासांच्या वर्गांची बेरीज घ्यावी.

उंचीसाठी सकाळच्या तिरप्या उन्हात, सपाट जागी, उभ्या काठीची व झाडाची सावली एकाच वेळी मोजावी. काठीची दीड मीटर व झाडाची पंधरा मीटर भरल्यास झाड दहा मीटर उंच होय. डेरेदार चिंचेत शेंड्याची सावली कोणती, हे मुलांना दाखवून द्यावे लागते.

समजा, निंबाचा घेर १५७ सें.मी. भरला. त्यास ३.१४ ने भागता व्यास ५० सें.मी. येतो. लाकडाची घनता ०.६९ धरून घनता, व्यासाचा वर्ग व उंची यांचा गुणाकार १७,२५० होतो. जेरोम शाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातील ५८ ठिकाणच्या, तोडून वजन केलेल्या ४,००४ झाडांवरून २०१४ मध्ये एक सूत्र बसविले. त्यानुसार या संख्येचा ०.९७६ वा घात काढून ०.०६७३ ने गुणावे. मोबाइलवरील गणकयंत्राने हे क्षणात होते. जमिनीवरील भागाचे सुके वजन सुमारे ९२० किलो येते. मुळांसाठी शेकडा २६ मिळविता ते ११६० किलो होते. त्याचे शेकडा ४७, म्हणजे ५४५ किलो, हा कर्ब. त्यास ३.६७ ने गुणिले म्हणजे दोन हजार किलो कर्बवायू.

हा अंदाज आहे, तराजूतील वजन नव्हे. शेळ्यांसाठी वरचेवर छाटलेल्या झाडात तो फुगतो, आणि पारंब्यांच्या वडाला तर हे सूत्र लावूच नये.

झाडांतील कर्बावर पैसे देण्याची योजना घेऊन कोणी आल्यास शेतकऱ्याने सांगितलेला आकडा कर्बाचा की कर्बवायूचा, हे आधी विचारावे. दोहोंत पावणेचार पटींचे अंतर पडते. मोबदला बहुधा असलेल्या साठ्यावर नसून नव्याने होणाऱ्या वाढीवर ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

आकडा वाढविण्याच्या हौसेने नान्नजसारख्या माळरानावर मात्र दाट झाडी लावू नये. तेथील कर्ब गवताच्या मुळांत व मातीत असतो, फितीला तो सापडत नाही; शिवाय माळढोकाला मोकळी जमीनच लागते.

घेर घेतला तेथे खोडावर गेरूचा पट्टा ओढावा, वहीत झाडाची जात, गट क्रमांक व तारीख लिहावी, आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच पट्ट्यावर फीत लावावी. पावसाने गेरू धुऊन जातो, म्हणून पोळ्यानंतर एकदा पट्टा पुन्हा ओढणे बरे.