पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

पोरी, जावईबापूंचा दिव्यांग दाखला चार दिवसांत होईल असं कुणी सांगितलं असेल, तर त्याला चहा पाज आणि विसरून जा. मी नोकरीभर तहसिलीत टेबलाच्या पलीकडे बसलो. साहेब बदलतात, कारकून रजेवर जातो, फाईल कपाटावर चढते. टिकतो तो आवक क्रमांक. कागद दिलास की आपल्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घे. युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, पोर्टलवर अर्ज केलास तर नंबराची प्रिंट काढून ठेव.

दाखला तीन महिन्यांत मिळावा असा नियम आहे. 2024 च्या दुरुस्तीआधी मुदत एकच महिना होती. उशिराला सरकारनेच जागा करून दिली, असं माझं मत. त्याच दुरुस्तीत मेख आहे: दोन वर्षं निर्णयाविना पडलेला अर्ज निष्क्रिय होतो. म्हणून मुदत उलटली की माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून एवढंच विचार: माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, तिथं कोणत्या तारखेला आला? उत्तराला तीस दिवस असतात. पुष्कळदा उत्तराआधी फाईलच हलते.

दाखल्यासाठी तपासणारं मेडिकल बोर्ड सिव्हिल हॉस्पिटलात रोज बसत नाही. वार कोणता, हाडांचे डॉक्टर येणार का, हे आदल्या दिवशी विचार. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे तारखेप्रमाणे लाव. आणि बापूंना बजावून ठेव. आपल्याकडे कुणी ‘कसं काय’ म्हटलं की तोंडातून ‘बरंय’ निघतं. डॉक्टरांपुढे ते नको. बटण लागत नाही, बादली उचलत नाही, रात्री हाताला मुंग्या येतात, हे सांगायचं. वाढवून मुळीच नको, रडगाणंही नको. इस्त्रीचा शर्ट घालू देत, पण त्याची बटणं तू लावलीस हे लपवायचं नाही. पुरुषमाणसाला हे जड जातं, मला ठाऊक आहे. पण 40 टक्क्यांखाली आकडा आला तर संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानाचा अर्जच टिकत नाही. टक्केवारी पटली नाही तर तिथं भांडू नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 59 खाली अपील करता येतं. दाखला तात्पुरता असेल तर मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाला लाग.

दाखला हाती आला की मग निराधारचा अर्ज तहसिलीत. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. एका वर्षाचा उत्पन्नाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो. अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक पुढे ढकलली गेली की तुझा कागद शिळा, आणि फाईलवर ‘त्रुटी’चा शेरा. एप्रिल लागताच नवा दाखला स्वतःहून जोड, त्याचीही पोच घे. बँक खात्याला आधार जोडलंय का ते आधीच बघ, मंजूर पैसे तिथं अडकतात.

गेटवर एखादा एजंट ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणेल. दिव्यांग दाखल्याला आणि युडीआयडी कार्डाला सरकारी फी एक पैसाही नाही.