स्टार्टअपमध्ये मार्केटिंगची नोकरी? आधी हे विचारा

‘मुलगी इंजिनिअर झाली, कॅम्पसमधून मोठ्या कंपनीत निवडही झाली, आणि आता म्हणते बारा माणसांच्या स्टार्टअपमध्ये मार्केटिंग करणार!’ अशी तक्रार घेऊन येणारे पालक हल्ली बरेच भेटतात. कंपनी बुडेल ही त्यांची एक भीती. दुसरी, मार्केटिंग म्हणजे उन्हातान्हात दारोदार फिरणं. पहिली भीती रास्त आहे. दुसरी अर्धीच खरी, पण जेवढी खरी आहे तेवढ्यासाठीच ही नोकरी करावी असं माझं मत आहे.

२००७ साली बंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू झालं, तेव्हा ते फक्त पुस्तकं विकत होतं. सचिन आणि बिन्नी बन्सल दोघेही आयआयटी दिल्लीचे, अॅमेझॉनमध्ये काम केलेले. तरी ते पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना स्वतः बुकमार्क वाटायचे. यात कमीपणा कसला? त्या दारातून बाहेर पडणारा माणूस पुस्तकासाठी खिशात हात घालतो, एवढं तरी नक्की ठाऊक असतं. शहरभर होर्डिंग लावून ही खात्री मिळत नाही.

ड्रॉपबॉक्सचा अनुभव आणखी बोलका आहे. लोकांच्या फाइल ऑनलाइन साठवून ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या या कंपनीने सुरुवातीला गूगलवर जाहिराती दिल्या. हिशेब मांडल्यावर दिसलं, की ९९ डॉलरची सेवा घेणारा एकेक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर खर्च होताहेत. मग त्यांनी वेगळी वाट धरली. जो मित्राला घेऊन येईल त्याला आणि त्या मित्राला, दोघांनाही फाइल ठेवायला जास्तीची जागा फुकट. पंधरा महिन्यांत वापरकर्ते १ लाखावरून ४० लाखांवर गेले. सगळं श्रेय या एका युक्तीला देता येणार नाही, माल चांगला होताच. पण एक ग्राहक कितीला पडला, हा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला पुढे कुठेही काम मिळतं. सोशल मीडियावर रोज तीन पोस्ट टाकणाऱ्याला मिळेलच असं नाही.

लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची गोष्ट २००९ची. न्यूयॉर्कमधली घरं भाड्याने जात नव्हती. कारण शोधताना संस्थापकांना दिसलं, की घरमालकांनी टाकलेले फोटो अगदीच सुमार आहेत. सल्लागार पॉल ग्रॅहम यांनी त्यांना ग्राहकांकडे पिटाळलं. चांगला कॅमेरा भाड्याने घेऊन ते घरोघरी गेले आणि फोटो काढून आले. आठवड्याची कमाई होती जेमतेम २०० डॉलर, ती दुप्पट झाली. कॉम्प्युटरसमोर बसून हा दोष त्यांना इतका स्वच्छ दिसला असता असं मला वाटत नाही.

विद्यार्थ्यांनो, याची तयारी कॉलेजात असतानाच होते. ओळखीच्या एखाद्या घरगुती मसालेवाल्या काकूंचे किंवा क्लासवाल्या सरांचे वीसेक ग्राहक गाठा. एक एक्सेल शीट उघडा आणि चार रकाने करा: कुठून कळलं, आधी काय वापरत होता, का घेतलं, परत घेतलं का. ‘छान आहे’ हे उत्तर लिहून घेऊ नका. आपल्याकडे माणसं तोंडावर छानच म्हणतात. ‘बघू, सांगतो’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. ‘शेवटचं कधी घेतलंत? तेव्हा किती पैसे दिलेत?’ असं विचारा, खरं काय ते बाहेर येईल. चौथा रकाना रिकामा असेल तर जाहिरातीवर पैसे उधळण्यात अर्थ नाही, आधी माल सुधारायला हवा. हे मालकाला तोंडावर सांगता येणं हीसुद्धा मार्केटिंगमधली लायकीच. आणि मराठी उत्तम बोलता-लिहिता येत असेल तर संकोच सोडा. सांगली-नाशिकच्या दुकानदाराशी किंवा शेतकऱ्याशी ज्याला मोकळेपणाने बोलता येतं, तो त्या बाजारात उतरणाऱ्या कंपनीला हवाच असतो.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. संस्थापक स्वतः ग्राहकांना भेटतात का? गेल्या महिन्यात ग्राहक का सोडून गेले? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय हवंय? यांवर गोलमोल उत्तरं मिळाली आणि वर ‘आपल्याला व्हायरल व्हायचंय’ असं ऐकू आलं, तर तिथून सरळ निघा.

पालकांनी मात्र पैशाचं बघावं. कंपनीकडे किती महिन्यांचे पगार होतील एवढी रक्कम आहे, हे विचारण्यात गैर काही नाही. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असले की लागू होतो, म्हणून बारा जणांच्या कंपनीत पीएफ कापला जाईलच असं धरून चालू नका. पगाराऐवजी ईसॉप देतो म्हणाले तर लक्षात ठेवा, तो शेअर नव्हे, पुढे ठरल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क आहे. कायद्याने पहिलं वर्षभर तो वापरता येत नाही, आणि बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर विकत घ्यायला कोणी सहजी पुढे येत नाही. त्यामुळे घरभाडं आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता दरमहा बँकेत जमा होणाऱ्या पगारातून निघतो का, तेवढंच मोजा. निघत असेल तर मुलीला दोन वर्षं जाऊ द्या. आणि लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय त्या मोठ्या कंपनीला नकार कळवू नका.