गुळगुळीत चकतीला हवा अडवते?

प्र. : पंख्याची पाती तिरकी असतात म्हणून ती हवा ढकलतात, हे कळतं. पण विमानाच्या इंजिनात पाती ज्या चकत्यांवर बसवतात, त्या तर गुळगुळीत गोल. त्यांना हवा कशी अडवणार? आणि आत डोकावता येत नसताना हा अडथळा मोजतात कसा?
– एक वाचक, इचलकरंजी

उ. : अडवते, आणि चांगलीच. हवा थोडी का होईना, चिकट असते. चकतीला लागून असलेला पातळ थर तिच्याबरोबर फिरतो, फिरता फिरता कडेला भिरकावला जातो आणि त्याच्या जागी शेजारची हवा येते. म्हणजे पाती नसली तरी चकती हा पंपच झाला. थिओडोर फॉन कार्मान यांनी याचं गणित १९२१ मध्येच मांडलं होतं.

इंजिनात चकतीसमोर बहुधा स्थिर भिंत असते. कडेला गेलेली हवा त्या भिंतीलगत मध्याकडे परतते. मग या दोन थरांच्या मधली हवा काय करते? ती एकसंध फिरते, असं प्रवाहांचे अभ्यासक बॅचलर १९५१ मध्ये म्हणाले. १९५३ मध्ये दुसरे अभ्यासक स्टुअर्टसन म्हणाले, छे, जवळपास थांबलेली असते. बंदिस्त पोकळीपुरता कौल बॅचलर यांच्या बाजूने लागला : खळबळत्या प्रवाहात ती चकतीच्या सुमारे ४० टक्के वेगाने फिरते.

चकतीचा वेग दुप्पट केला की अडथळ्यात जाणारी शक्ती जवळपास सात पट होते. पण माझ्या मते खरा त्रास या शक्तीतून होणाऱ्या उष्णतेचा. जी हवा चकती थंड ठेवायला आत सोडायची, तीच घुसळून तापते. त्यात चकतीवर बोल्टची डोकी वर आलेली असली तर विचारूच नका. म्हणून काही इंजिनांत त्यांच्यावर आवरण घालतात.

आता मोजण्याविषयी. हा प्रवाह संगणकावर पाहताना एक छान युक्ती वापरतात : चकती फिरवायचीच नाही, आपणच तिच्यावर बसायचं! मग चकती स्थिर आणि भिंत उलटी फिरणारी. समीकरणांत फिरण्यामुळे भासणारी बलं तेवढी मिळवायची. सारखे १८ बोल्ट असतील तर २० अंशांची एकच फोड सोडवली तरी बरेचदा भागतं. भिंतीवरही उंचवटे असतील तर मात्र ही युक्ती लंगडी पडते, आणि फिरता व स्थिर असे दोन भाग क्षणाक्षणाने एकमेकांवरून सरकवावे लागतात. गणितासाठी हवेचे लहान लहान कप्पे पाडतात; पृष्ठभागालगतचे कप्पे तर केसाहून बारीक पाडावे लागतात. एवढं करूनही प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही, त्यांचा सरासरी परिणाम एखाद्या प्रतिमानाने अंदाजावा लागतो. म्हणून प्रयोगशाळेत चकती फिरवून, तिला लागणारं पिळाचं बल मोजून उत्तर ताडून पाहतात.

भिंतीलगतची ती परतीची वाट तुम्हाला घरीही दिसेल. न गाळलेला चहा काचेच्या पेल्यात घेऊन ढवळा आणि चमचा बाहेर काढा. पेल्याचा तळ ही इथली स्थिर भिंत : चहाची पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होईल.