पहिला हात पुतळ्यावर

कक्षात दाखल रुग्णांच्या आप्तेष्टांकडून एक तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो : "सकाळपासून चार विद्यार्थी तपासून गेले, आता पाचवा कशाला?" तक्रार रास्त आहे. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णाच्या उशाशीच घडतो, हे खरे; परंतु त्याचे पहिले चाचपडणे दुखणाईताने का सोसावे? या प्रश्नातूनच आमची कौशल्य प्रयोगशाळा उभी राहिली. 2019 पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमानेही अशा सरावाला स्थान दिले आहे.

हृदयाचे उदाहरण घेऊ. ऱ्हुमॅटिक तापाने मिट्रल झडप अरुंद झाली, की तेथून जाणाऱ्या रक्ताचा खर्जातील, घरघरता ध्वनी उमटतो. तो ऐकण्यासाठी रुग्णास डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोपची घंटेच्या आकाराची बाजू छातीवर अलगद टेकवावी लागते. जोर दिला की ध्वनी लोपतो, आणि नवशिका नेमका जोरच देतो. धाप लागलेल्या रुग्णाला त्यासाठी पुनःपुन्हा कुशीवर वळवणे क्रूरपणाचे ठरेल. मायामी विद्यापीठातील डॉ. मायकेल गॉर्डन यांनी 1968 साली एक पुतळा सादर केला व त्यास आपले गुरू डॉ. प्रॉक्टर हार्वी यांचे नाव दिले. नाडी, मानेच्या शिरांचे स्पंदन आणि हृदयाचे ध्वनी तो हुबेहूब दाखवतो. अशा पुतळ्यापुढे विद्यार्थी दहादा चुकला, तरी कोणाचा श्वास कोंडत नाही.

मात्र पुतळ्याची उणीव देणगीदारांपासून लपवणे आम्हांस योग्य वाटत नाही. पोट तपासताना दुखरी जागा आधी विचारावी, तेथून दूर सुरुवात करावी व नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी, असे आम्ही शिकवतो. पुतळ्याच्या कपाळावर आठी उमटत नाही. परिणामी पुतळ्यावर तरबेज झालेले विद्यार्थी केवळ पोटाकडेच पाहत राहतात, हे आमच्या ध्यानी आले. यावरील उपाय अमेरिकेत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 सालीच योजला होता : प्रशिक्षित, निरोगी व्यक्तीने रुग्णाची भूमिका करावयाची. आमच्याकडे ती स्वयंसेवक करतात. "हात फार गार आहे रे, बाळा," असे एखाद्या आजींनी म्हटले की विद्यार्थी ओशाळतो आणि पुढच्या वेळी तळहात चोळूनच जवळ येतो.

यानंतरच त्याने कक्षात पाऊल टाकावे, असा आमचा नियम आहे. तेथे तो प्रथम स्वतःचे नाव सांगतो व परवानगी मागतो. रुग्ण "आज नको" म्हणाला, तर शिक्षकही आग्रह धरीत नाहीत, आणि त्याच्या उपचारांत त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही.