‘लय भारी’च्या पुढचं

अगं, तुझा भातलावणीचा फोटो आपल्या फोटोंच्या ग्रुपवर आला तेव्हा मी मुद्दामच काही लिहिलं नाही. खाली अंगठ्यांची आणि ‘लय भारी’ची रांग लागलेलीच होती, त्यात माझा एक अंगठा वाढून तुला काय कळणार होतं? मग रात्री तुझा रुसका मेसेज आला, ‘ताई, तुला आवडला नाही ना?’ आवडला गं. पण आवडला म्हणजे नेमकं काय झालं ते दोन शब्दांत सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर बोलते.

फोटो उघडल्यावर माझी नजर आधी वर गेली, डोंगरामागच्या ढगातल्या उजळ फटीकडे. तिथून घसरली ती खाचरातल्या पाण्याच्या चकाकीवर. वाकून रोपं लावणारी बाई मला सगळ्यात शेवटी दिसली, तीही शोधल्यावर. आणि तुला दाखवायची होती ती बाईच, हो ना? माझा अंदाज सांगू? मूळ रंगीत फोटोत तिची साडी लाल असणार आणि हिरव्यागार रोपांत ती लांबूनही उठून दिसत असणार. तू ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर बोट दाबलंस आणि लाल नि हिरवं दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत गेलं. आपल्याला त्या दोन रंगांत जो फरक वाटतो तो रंगाचा असतो, उजेडाचा नसतो. रंग काढून घेतला की बाई शेतात विरघळून जाते.

यावर उपाय तुझ्या फोनमध्येच आहे. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट उघडलंस की खाली रंगांचे फिल्टर दिसतात. लाल निवडलास तर साडी उजळेल आणि रोपं गडद होतील. हिरवा निवडलास तर बरोबर उलटं. फिल्मच्या काळात लोक हेच काम लेन्सवर रंगीत काच चढवून करायचे, आकाश गडद करून ढग उठवायला लाल काच वापरायचे. तुला फक्त एक बटण दाबायचंय. कुठलं, ते तू ठरव. मी सांगणार नाही. आणि ढगाची ती फट थोडी दाबलीस किंवा वरून कापलीस तर नजर आपोआप खाली उतरेल, असं मला वाटतं. ‘वाटतं’ म्हणतेय, ते लक्षात ठेव.

आता मी काय केलं ते बघ. फोटो चांगला की वाईट, हे मी बोललेच नाही. माझी नजर कुठून कुठे गेली आणि कुठे अडली, तेवढं सांगितलं. ग्रुपवर एकमेकांना द्यावं ते एवढंच, असं माझं ठाम मत झालंय. निकाल द्यायला परीक्षक असतात, ‘सलून’ म्हणतात त्या फोटोस्पर्धांमध्ये गुण देऊन फोटो ‘अ‍ॅक्सेप्ट’ नाहीतर ‘रिजेक्ट’ करणारे. मित्रमैत्रिणींनी ते काम घेऊच नये. आपली नजर मात्र प्रत्येकाकडे असते, आणि तिने काय केलं हे सांगायला अ‍ॅपर्चर-शटरचं ज्ञान लागत नाही. आजीला फोटो दाखव आणि विचार, ‘आजी, तुला पहिलं काय दिसलं?’ ती म्हणेल, ‘पाणी.’ झालं. ग्रुपवरच्या दहा अंगठ्यांपेक्षा आजीचं हे एक उत्तर तुझ्या जास्त कामाचं आहे.

कृष्णधवल फोटोवर तर असं बोलणं जास्तच गरजेचं असतं. सप्टेंबरात कासला जाऊन तेरड्याचा गुलाबी गालिचा टिपला की निम्मं काम रंगच करून टाकतो. बघणारा ‘अहाहा’ म्हणतो आणि चौकटीत काय कुठे आहे हे विचारतही नाही. रंग गेला की उरतात आकार, पोत, उजेड आणि अंधार. म्हणून बोलायचं तेही याच गोष्टींबद्दल. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चरबरोबर बसवलेली झोन सिस्टिम तू वाचली असशील: शून्य म्हणजे ठार काळं, दहा म्हणजे कोरा पांढरा कागद, मधला पाच म्हणजे मध्यम करडा. फिल्मवर उजेड किती घ्यायचा आणि ती किती धुवायची, या हिशेबासाठी ती बसवलेली होती, पण गप्पांतही ती फार उपयोगी पडते. ‘फोटो डार्क वाटतोय’ म्हणण्यापेक्षा ‘तिचा पदर दोनवर आहे, तीनवर आला तर चुण्या दिसतील’ असं म्हटलं की समोरच्याला नक्की काय करायचं ते कळतं. मात्र हे आकडे शायनिंग मारायला वापरणाऱ्यांपासून लांब राहा. आहेत असे काही आपल्याकडे.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलण्याआधी एक प्रश्न विचारत जा: ‘तुला यात काय दाखवायचं होतं?’ निम्मे वाद तिथेच मिटतात. कुणी मेढ्याच्या एसटी स्टँडवरच्या गर्दीचा फोटो टाकतो आणि खाली दुसरा लिहितो, ‘माणसं कमी हवी होती.’ अरे बाबा, त्याला गर्दीच दाखवायची होती! विचारून झालं की एकच गोष्ट सांग. सहा सांगितल्यास तर तो एकही करणार नाही, आणि त्या सहांतल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध असतील. जमलेली गोष्टही तितकीच नेमकी सांग. ‘छान’ म्हणून सोडून देऊ नकोस. ‘भिंतीच्या ओलाव्याचा पोत मला हाताला जाणवला’ असं म्हण. नाहीतर काय होतं, की चुका बारकाईने सांगितल्या जातात आणि कौतुक मोघम राहतं. माणसाच्या लक्षात मग फक्त चुका राहतात.

आणि कुणाचा फोटो उचलून, आपल्या मनासारखा एडिट करून, ‘असा पाहिजे होता’ म्हणत परत ग्रुपवर टाकायचा नाही. कधीच नाही. तुझ्या फोटोचं कुणी तसं केलं तर गोड बोलून सांग, ‘काका, मला शब्दांत सांगा ना, करून मीच बघते.’ ज्याला शब्दांत सांगता येत नाही त्याने बहुतेक नीट पाहिलेलंच नसतं.

आपल्या मुलींच्या वाट्याला आणखी एक प्रकार येतो. फोटो चांगला आला की पहिला प्रश्न, ‘मॅडम, कॅमेरा कुठला?’ म्हणजे श्रेय कॅमेऱ्याला. नाहीतर, ‘मिस्टरांनी शिकवलं का?’ होमाई व्यारावाला ठाऊक आहे ना तुला? मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली, देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार, 2011 साली पद्मविभूषण मिळालेली. तिचे सुरुवातीचे फोटो तिच्या नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, कारण ती अनोळखी होती आणि बाई होती. तेव्हा ‘कॅमेरा कुठला’ला तू सरळ मॉडेल सांग, आणि लगेच विचार, ‘उजेड कसा वाटला?’ बोलणं फोटोवर परत आणायचं काम आपल्यालाच करावं लागतं. चिडून उपयोग नाही. मी चिडते ती गोष्ट वेगळी.

एक विषय मात्र असा आहे, जिथे नुसती नजर कुठे गेली हे सांगून भागत नाही. धनगरवाड्यातल्या म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले चेहरे. दर पावसाळ्यात वरच्या वाड्यांकडे जाऊन आलेला कुणीतरी असा एक फोटो टाकतोच: जवळून घेतलेला, कॉन्ट्रास्ट ताणून ताणून सुरकुत्या नांगरटीसारख्या खोल केलेला, आणि वर ‘आयुष्याचं ओझं’ वगैरे मथळा. ग्रुपवर त्याला सगळ्यात जास्त अंगठे पडतात. मी अशा वेळी विचारते, ‘आजोबांचं नाव काय? त्यांना दाखवला का फोटो?’ लोकांना ते खवचट वाटतं. वाटू दे. कृष्णधवलात गरिबी फार लवकर देखणी दिसायला लागते, म्हणून हे विचारायलाच हवं. सुधारक ओलवेंचं काम बघ, 2016 मध्ये पद्मश्री मिळालेले. मुंबईच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं कृष्णधवल काम वर्षानुवर्षांचं आहे, आणि फोटोत अंधार, घाण, गटार सगळं असूनही माणूस त्या घाणीचा भाग वाटत नाही. काम करणारा माणूस वाटतो. एका रविवारी गाडीतून उतरून काढलेल्या चेहऱ्यात ते येत नाही. हे सांगायचं ते मात्र सगळ्यांसमोर नाही. फोन कर, बोल. चारचौघांत असं सांगितलं की माणूस फोटो वाचवायला उभा राहतो, ऐकायला नाही.

आता ऐकून घेण्याचं बोलू. ते सांगण्यापेक्षा अवघड आहे, आणि तुझं तर विशेष अवघड आहे, कारण तू आधीच खुलासा द्यायला लागतेस. ‘ताई, केळघर घाटात गाडी थांबवायला जागाच नव्हती, वरून धो धो पाऊस, एका हातात छत्री.’ खरं आहे सगळं. पण फोटोत ती छत्री नाही, आणि बघणाऱ्याला जे फोटोत आहे तेवढंच दिसणार. समोरचा बोलत असताना गप्प राहा. पूर्ण गप्प. तो थांबला की एकच शब्द विचार: ‘कुठे?’ ‘काहीतरी कमी वाटतंय’ – कुठे? ‘जरा विस्कळीत आहे’ – कुठे? बोट ठेवून दाखवा. ज्याला बोट ठेवता येतं त्याचं ऐकून ठेव. ज्याला येत नाही त्याला चहा पाज आणि विसरून जा.

मग लगेच काही बदलू नकोस. एकाला खटकलं तर ती त्याची आवड असू शकते. एकमेकांशी न बोललेले दोघंतिघं नेमक्या त्याच जागी अडखळले, तर तिथे काहीतरी आहे. पण ते जो उपाय सांगतील तोच बरोबर असेल असं नाही. दुखतं कुठे हे बघणाऱ्याला कळतं, औषध काय ते तुलाच शोधावं लागतं. तुझ्या लावणीच्या फोटोवर कुणी म्हणालं असतं, ‘बाई मधोमध घ्यायची होतीस,’ तर अडचण खरी होती, ती दिसत नव्हती. पण उपाय चुकीचा होता, कारण मधोमध घेऊनही ती तशीच विरघळली असती.

काही सल्ले तर हट्टाने नाकारायचे. आपल्या मेढ्यात पावसाचे चार महिने जे धुकं उतरतं ना, वैराटगड दिसेनासा होतो, वेण्णेच्या पलीकडचा काठ नुसता अंदाजाने ओळखायचा, त्या दिवसांतल्या फोटोंवर तुला हमखास ऐकायला मिळेल, ‘फ्लॅट आलाय, कॉन्ट्रास्ट वाढव.’ पुस्तकात लिहिलेलं असतं, की चांगल्या कृष्णधवल फोटोत ठार काळं ते शुभ्र पांढरं सगळं असावं. उन्हाळ्यातल्या दुपारी, काळ्या पाषाणाच्या देवळाला ते ठीक आहे. धुक्यात लांबचं काहीच काळं नसतं. हवेतले पाण्याचे कण उजेड पसरवतात आणि सगळ्या सावल्या करड्या करून टाकतात. कॉन्ट्रास्ट ओढलास की धुकं जातं आणि उरतो घाण काचेतून काढल्यासारखा डोंगर. तिथे चारपासून आठपर्यंतच्या छटाच पुरेत. सांगणाऱ्याला ‘हो काका, बघते’ म्हण आणि फोटो आहे तसा ठेव.

पण ‘फ्लॅट’ म्हणणाऱ्याची कधीकधी चूक नसते, हेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि धुक्यातल्या बारीक छटांचे पट्टे पडतात. शिवाय कुणी तो उन्हात उभं राहून बघतं, कुणी रात्री अंथरुणात ब्राइटनेस कमी करून. दोघांनी पाहिलेले फोटो वेगळेच असतात म्हण ना. म्हणून अभिप्राय हवा असेल तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवत जा.

त्याहून बरं म्हणजे प्रिंट. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्यात डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी होते, स्वतः डॉक्टर आणि फोटोचे नादी. त्या काळी एकमेकांचं काम बघायचं म्हणजे कागद हातात घेऊनच बघावं लागायचं, दुसरा रस्ताच नव्हता. तसं आपण चार-पाच जणी का बसू नये? साताऱ्याला माझ्याकडे, नाहीतर तुमच्या ओट्यावर. कुणाचा फोटो कुठला ते आधी सांगायचं नाही. सगळे टेबलावर मांडायचे, जिचा फोटो आहे तिने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि प्रत्येकीने फक्त नजर कुठे गेली ते सांगायचं. तुला ओठ दाबून बसलेलं बघायची मला फार इच्छा आहे.

साधे पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट चालतील, मॅट कागदावर. चकाकी असली की ट्यूबलाइटच दिसत राहते. लॅबवाल्याला सांग, ऑटो करेक्शन बंद ठेवा, नाहीतर करड्याला हिरवट नाहीतर जांभळट झाक येते आणि मग सगळ्या त्यावरच बोलत बसतात. जे फसलेत असं वाटतंय तेही आण. मी कण्हेर धरणाच्या पाण्याचा एक फोटो आणणार आहे, संध्याकाळचा, एकटी होडी असलेला. माझ्या भिंतीवर लावलाय मी तो, येणारे सगळे छान म्हणतात, आणि मला त्यात काहीतरी सतत खटकतंय. कुठे, ते तू बोट ठेवून सांग.