३.४ 'नाहीतर' कोणाचे? नैसर्गिक भाषा, संगणकीय भाषा आणि संदिग्धता

भाषा ही नियमबद्ध चिन्हव्यवस्था आहे, हे आपण मागील उपघटकात पाहिले. 'सी', 'पायथन' यांसारख्या संगणकीय भाषांनाही चिन्हे असतात आणि रचनेचे नियम असतात. मग मराठीला भाषा म्हणताना व 'सी'ला भाषा म्हणताना आपण एकच गोष्ट म्हणत असतो का?

औषधाच्या चिठ्ठीवरील हे वाक्य पाहा : 'सकाळी व संध्याकाळी दोन गोळ्या घ्याव्यात.' दिवसाकाठी गोळ्या दोन की चार? व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ शुद्ध आहेत. रुग्ण पाकिटातील गोळ्या मोजतो, औषधविक्रेत्याला विचारतो, मागच्या खेपेचे आठवतो आणि मग अर्थ ठरवतो. म्हणजे अर्थ केवळ वाक्यात नसतो. संदर्भ, पूर्वानुभव आणि विचारण्याची सोय यांनी तो पूर्ण होतो. विचारण्याची सोय नसेल तेथे अशी संदिग्धता जिवावरही बेतू शकते.

आता दुसरे वाक्य घ्या : 'पाऊस असेल तर छत्री असल्यास बाहेर जा, नाहीतर घरी थांब.' यातील 'नाहीतर' कोणाचे? छत्री नसेल तर घरी थांबायचे, की पाऊस नसेल तर? आपण सहज पहिला अर्थ घेतो, कारण पाऊस नसताना घरात बसून राहण्याचे प्रयोजन नाही. हा निवाडा व्याकरणाने दिलेला नाही. जगाच्या ज्ञानाने दिला आहे. संगणकीय भाषांच्या रचनाकारांपुढे हाच पेच उभा राहिला. 'लोंबकळणारा एल्स' असे त्याचे गमतीदार नाव आहे. 'सी' भाषेतील नियम असा : कंस घालून वेगळे दाखवले नसेल, तर 'एल्स' सर्वांत जवळच्या मोकळ्या 'इफ'शी जोडावा. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते किंवा त्याने ओळी कशा मांडल्या, याला येथे किंमत नाही. (पायथनमध्ये मात्र ओळ किती आत सरकवली आहे यावरच जोडणी ठरते.) अशा आज्ञावलीत चूक झाल्यास संगणक अडत नाही, चुकीचेच काम बिनतक्रार करतो, म्हणून ती शोधणे कठीण जाते.

आणखी एक भेद मूलभूत आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. तोवर मराठी कित्येक शतके बोलली व लिहिली जात होती. संगणकीय भाषेत नियम आधी, वापर नंतर. 'मी काल बाजारात गेली' असे एखादा पुरुष चुकून म्हणाला, तरी ऐकणाऱ्याला कळते. आज्ञावलीत एक कंस राहिला तरी ती नाकारली जाते.

१९६० साली 'अल्गोल ६०' या भाषेचे व्याकरण जॉन बॅकस यांच्या सूत्रपद्धतीने मांडले गेले. पाणिनीने अशीच पद्धत पूर्वी वापरली होती, म्हणून तिला 'पाणिनी-बॅकस' नाव द्यावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली. यावरून 'संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा' असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो टिकणारा नाही. साम्य नियम मांडण्याच्या रीतीत आहे, संस्कृत वाक्यांत नव्हे. संस्कृत काव्यातील श्लेष तर अनेकार्थतेवरच उभा असतो.

स्वयंअध्ययनासाठी : 'जुन्या पाट्या व पेट्या विकणे आहे' या वाक्याचे दोन अर्थ कंस घालून वेगळे दाखवा. नंतर कंस न वापरता, केवळ शब्दांची फिरवाफिरव करून तेच साधून पाहा.